पोलादनगरीतला भाजका चिवडा

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया सोडते, आमगाव-सालेकसा मागे टाकते आणि दरेकसाच्या जंगलातल्या बोगद्यातून पुढे जाते. त्यानंतर थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. डोंगरगडला टेकडीवरच्या बमलेश्वरीचे देऊळ गाडीतूनच दिसते. मग राजनांदगाव, शिवनाथ नदीचा पूल, दुर्ग आणि दुर्गला अगदी खेटून भिलाई. देशातल्या रेल्वेचे रूळ फार मोठ्या प्रमाणावर जिथे तयार होतात, ते हे गाव. त्यामुळे मराठी प्रवासी भिलाईला उतरला नाही, तरी भिलाईच्या लोखंडावरून मात्र रोज प्रवास करत असतो.

मराठी माणसाला हा मुलूख परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून आले आणि छत्तीसगढात मराठ्यांचा अंमल सुरू झाला. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरलाच राहिले. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची इथली चाल त्यांच्याच काळातली, असे छत्तीसगढच्या इतिहासात सांगतात. श्रावण अमावस्येला विदर्भात पोळा, तर छत्तीसगढात पोरा. तिकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल आणि इकडे मुलांच्या हाती मातीचा नंदिया बैल. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ वेगळा झाला, आणि १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भाताच्या शेतांमध्ये एक शहर उभे राहिले. नोकरीसाठी मल्याळी आले, तेलुगू आले, बंगाली, पंजाबी, बिहारी आले. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबेही आली. सेक्टरांना नावांऐवजी आकडे मिळाले, रस्ते काटकोनात आखले गेले, सारख्या बांधणीच्या क्वार्टर्स झाल्या. एकाच भिंतीच्या अलीकडे बंगाली आणि पलीकडे मराठी स्वयंपाकघर. भिंत फारशी जाड नसली, की फोडणीचा वास काही अडत नाही.

तीन पाळ्या आणि एक डबा

कारखान्याची भट्टी विझत नाही. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षे पेटती ठेवावी लागते, म्हणून माणसे तीन पाळ्यांमध्ये वाटली जातात. या आठवड्यात सकाळची पाळी, मग दुपारची, मग रात्रीची. घराचे घड्याळ त्याबरोबर फिरते. मुलांची शाळा एका वेळेला, आजोबांचे औषध दुसऱ्या वेळेला आणि घरच्या कर्त्या माणसाचे जेवण दर आठवड्याला निराळ्याच वेळेला. अशा घरात कधीही हात घालता येईल असा भरलेला डबा ही चैन नसते. ती गरज असते.

रात्रपाळीला दोन-अडीचच्या सुमारास पोटात जी पोकळी येते, ती फसवी असते. शरीर झोपेच्या तयारीत आणि हात कामावर. अशा वेळी जे समोर असेल ते खाल्ले जाते, बहुधा तळलेले, खारट आणि वर गोड चहा. वर्षानुवर्षे पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत टाइप दोनचा मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण जास्त आढळते, हे जगभरच्या पाहण्यांतून पुढे आले आहे. त्यात झोपेचा वाटा आहे, तसा अवेळी खाण्याचाही आहे. पाळी बदलणे घरच्या माणसाच्या हातात नसते. डब्यात काय घालायचे, ते मात्र असते. म्हणून भाजका चिवडा हा इथे दिवाळीपुरता विषय नाही.

आणि हा प्रश्न आता नुसत्या कामगारांचा राहिलेला नाही. पहिल्या पिढीने कधीच निवृत्ती घेतली, दुसरीतलेही पुष्कळ निवृत्त झाले. कारखाना आधुनिक होत गेला, तशी माणसांची संख्या कमी झाली. मुले अभ्यासात हुशार निघाली आणि इंजिनीअर होऊन पुण्याला, हैदराबादला, परदेशी गेली. मागे राहिलेल्या जोडप्याला दुपारी चारला चहाबरोबर काहीतरी लागतेच. डॉक्टरांनी तळलेले बंद केलेले असते, आणि बंद केलेल्या गोष्टीची आठवण नेमकी चारलाच येते.

शब्द एक, जिन्नस दोन

बाहेरून आलेल्या मराठी गृहिणीची इथल्या बाजारात पहिली फजिती होते ती चिवडा या शब्दावरून. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा पॉवर हाऊसजवळच्या जवाहर मार्केटमध्ये चिवडा मागितला, की दुकानदार कच्चे पोहे तोलून देतो. हिंदीत चिवडा म्हणजे नुसते पोहे, बिहारी माणसाचा चूडाही तोच. मराठीत मात्र पोह्यांना फोडणी बसून, दाणे-खोबरे पडून जे तयार होते त्याला चिवडा म्हणायचे. इथले चुरमुरे म्हणजे मुर्रा. एवढी तीन नावे पाठ झाली, की बाजार सोपा होतो.

छत्तीसगढला धान का कटोरा म्हणतात, म्हणजे भाताचे भांडे. रायपूर आणि बिलासपूरच्या मधे, याच रेल्वेमार्गावर, भाटापारा हे गाव आहे. तिथे पोह्याच्या गिरण्यांची रीघ आहे आणि तिथले पोहे दूरदूरच्या बाजारात जातात. पोहे करण्याची रीत जुनीच. साळी भिजवायच्या, निथळायच्या, तापलेल्या वाळूत भाजायच्या आणि गरम असतानाच दाबून चपट्या करायच्या. पूर्वी हे काम मुसळाने होई, आता यंत्राच्या लोखंडी चाकाखाली होते. म्हणजे पोहे दुकानात येतात तेच मुळी एकदा भाजलेले असतात. घरी त्यांना फक्त ओलावा घालवण्यापुरती आच हवी असते. मग ते भरपूर तेलात सोडायचे कशासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

लोखंडाच्या गावात आणखी एक गंमत सांगायला हवी. पोह्यांत लोह भरपूर, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेले असे. त्याच संस्थेचे २०१७ चे नवे तक्ते आले, त्यांत हा आकडा खूपच खाली आला. तांदळात मुळात एवढे लोह नसतेच. पोह्यांत जे येते त्यातले काही लोखंडी यंत्राच्या घर्षणाने येत असावे, असे जाणकार मानतात. तेव्हा रक्त वाढावे म्हणून केवळ पोह्यांवर विसंबणे बरे नव्हे. जे थोडेबहुत लोह मिळते, तेही चिवड्याबरोबर घेतलेल्या कडक चहामुळे अंगी लागायला अडते. चिवड्यावर लिंबू पिळले आणि चहा तासाभराने घेतला, तर उलट उपयोग होतो. चहाचे हे ऐकून घरात कोण खूश होणार, ही गोष्ट निराळी.

मिठाच्या मापाची चारोळी

या चिवड्यात इथली म्हणून जी खास वस्तू पडते, ती चारोळी. महाराष्ट्रात ती श्रीखंडावर आणि बासुंदीत मोजून घालायची चीज. इथे चाराची झाडे जंगलात आपोआप वाढलेली असतात. उन्हाळ्यात काळसर जांभळी आंबटगोड फळे पिकतात. ती गोळा करायची, गर धुऊन काढायचा, कठीण बी वाळवायची आणि जात्यात हलक्या हाताने भरडून आतला दाणा सोडवायचा. जोर जास्त झाला की दाणा फुटतो, आणि फुटक्या दाण्याला भाव नाही. या कष्टांची किंमत पूर्वी काय मिळे? बस्तरच्या आतल्या बाजारांत व्यापारी चारोळीच्या बदल्यात मीठ देत, वजनास वजन, ही हकीकत छत्तीसगढात आजही घरोघरी सांगतात. समुद्रापासून इतक्या दूर जंगलात मीठच दुर्मीळ, त्यामुळे देणाऱ्याला सौदा वाईट वाटत नसे आणि घेणारा गब्बर होई. आता सरकारी आधारभूत किमतीने खरेदी होते, आणि शहरात चारोळी किलोला हजार रुपयांच्या पुढे विकली जाते. हे माहीत असले, की चिवड्यातला एकेक दाणा जरा निराळा लागतो.

काजूही फार दूरचा नाही. जशपूर आणि बस्तरचा बकावंड भाग काजूसाठी ओळखला जातो. शेंगदाणे येतात बाहेरून, बरेचसे गुजरातकडून. आणि बदाम तर थेट सातासमुद्रापलीकडून, बहुतेक कॅलिफोर्नियाहून. बदाम घातले की चिवडा पौष्टिक, हा समज पुष्कळसा जाहिरातींनी करून दिलेला आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बदामांत सुमारे २१ आणि काजूंत १८. चरबी तिन्हींत भरपूर, पण बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला त्रास न देणारी. ज्यांना परवडत असेल त्यांनी बदाम जरूर घालावेत, पण ज्या घरात नुसते शेंगदाणे पडतात त्या घराने कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

शेजाऱ्यांनीही या डब्यात आपापली भर घातलेली असते. बिहारी शेजारणीचा भुंजा म्हणजे चणे, मका, चूडा सगळे कोरडे भाजलेले. भडभुंज्याच्या वाळूतून निघालेला तो पदार्थ तेलाचे नावही घेत नाही. दक्षिणेकडच्या मिक्स्चरमधला भरपूर कढीपत्ता मराठी चिवड्यात आला की परत जात नाही. बंगाली घरात मुडीवर कच्च्या मोहरीच्या तेलाचे चार थेंब पडतात. छत्तीसगढी ठेठरी-खुरमी मात्र तळणीतलीच. ती पोऱ्याला आणि तीजेला खावी, रोजच्या डब्यात तिचे काम नाही.

आच मंदच हवी

कारखान्यातल्या भट्टीतून बाहेर पडणारा लोहरस दीड हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आठव्या झोतभट्टीला महामाया हे नाव दिले आहे. तिच्या आगीचा थाट मोठा. चिवड्याचे नेमके उलटे. इथे आच वाढली की सगळे बिघडले.

अर्ध्या किलो पातळ पोह्यांसाठी जिन्नस असे: शेंगदाणे १५० ग्रॅम, डाळे १०० ग्रॅम, काजू आणि बदाम प्रत्येकी ५० ग्रॅम, चारोळी २५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप ५० ग्रॅम, कढीपत्त्याच्या दोन मोठ्या मुठी, सहा-सात हिरव्या मिरच्या, दोन चमचे तीळ, मोहरी, जिरे, हिंग, हळद, मीठ दोन लहान चमचे सपाट, पिठीसाखर तेवढीच किंवा अजिबात नाही. तेल चार मोठे चमचे, त्याहून जास्त नाही.

पोहे आधी चाळून घ्यावेत. तळाशी राहणारा भुगा चिवड्यात गेला तर तेल तोच आधी पितो आणि मसाला तोंडाला पिठूळ लागतो. एप्रिल-मेमध्ये भिलाईत ऊन असे असते, की सुती फडक्याखाली दोन-तीन तास पसरलेले पोहे बोटांत चुरचुरू लागतात आणि कढईचे निम्मे काम वाचते. पावसाळ्यात ती सोय नाही. तेव्हा जाड बुडाच्या कढईत, दोन-तीन खेपांत, मंद आचेवर आठ-दहा मिनिटे सतत हलवत भाजावेत. रंग बदलू देऊ नये. एक पोहा चिमटीत धरून दाबला आणि त्याचा चुरा झाला, की झाले. आच मोठी केली तर पोहे आक्रसून वेडेवाकडे होतात. वरून करपतात, आतून मात्र चिवट राहतात.

दाणे एकत्र भाजू नयेत, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. शेंगदाण्यांना दहा-बारा मिनिटे, बदामांना आठ-दहा, काजूंना चार-पाच आणि चारोळीला जेमतेम एक मिनिट. लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून दाण्याला अगदी हलका रंग चढू लागला की तो लगेच ताटात काढावा. कढईत विसरलेला काजू पाच मिनिटांत कडू होतो. खोबरे सर्वांत शेवटी, तांबूस होईपर्यंत.

मग तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, तीळ. मिरच्या आणि कढीपत्ता घालून मात्र इथे घाई करू नये. पान हाताने मोडले तर टचकन तुटले पाहिजे. ओलसर राहिलेला एक मूठ कढीपत्ता दुसऱ्या दिवशी सगळा डबा सादळवतो, आणि दोष पोह्यांवर जातो. हळद घालून गॅस बंद करावा, डाळे, दाणे, खोबरे टाकावे, मग पोहे. मीठ तेलात विरघळत नाही, ते तळाशी बसते. म्हणून मीठ आणि साखर मिक्सरमध्ये अगदी बारीक करून, पोहे कोमट असताना वरून भुरभुरावे आणि दोन्ही हातांनी हलकेच खालीवर करावे.

शेंगदाणे निवडताना मात्र डोळे उघडे हवेत. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा सरळ फेकून द्यावा. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. स्वस्तात मिळाले म्हणून जुने दाणे आणून भाजून घेऊ, हा हिशेब इथे चालत नाही.

पौष्टिक म्हणजे किती?

वरच्या मापाने साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास चिवडा होतो. एका वेळचा वाटा ३० ग्रॅम धरला, म्हणजे एक लहान वाटी, तर तिशीच्या पुढे वाटे निघतात. एका वाट्यात तेल दोन ग्रॅमहून कमी, मीठ तिसरा हिस्सा ग्रॅम आणि उष्मांक सुमारे १४०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवते, त्यात हा वाटा सहज बसतो. बाहेरच्या तळलेल्या चिवड्यात मीठ किती आणि ते तेल कितव्यांदा तापलेले, हे खाणाऱ्याला कळत नाही. वापरलेल्या तळणीच्या तेलातील टाकाऊ घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. नियम चांगला, पण कढईपाशी उभे राहून मोजणार कोण?

तरीही भाजका म्हणजे कितीही खावा, असे मात्र नाही. हा चिवडा १०० ग्रॅम संपवला तर साडेचारशेहून अधिक उष्मांक पोटात जातात. एका जेवणाएवढे. दूरदर्शनपुढे डबा मांडीवर घेऊन बसले की १०० ग्रॅम केव्हा होतात कळत नाही, म्हणून वाटीत काढून घ्यावा आणि डब्याचे झाकण लावून टाकावे. मधुमेह असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की पोहे म्हणजे अखेर तांदूळच. त्यांच्यासाठी पोहे निम्मे करून त्या जागी भाजके चणे आणि ज्वारीच्या लाह्या घालाव्यात, साखर काढून टाकावी आणि आपल्या डॉक्टरांना प्रमाण विचारावे. कोदो, कुटकी ही छत्तीसगढची जुनी धान्ये. २०२१ पासून राज्याने त्यांच्यासाठी मोहीमच चालवली. त्यांचे पोहेही आता बाजारात दिसू लागले आहेत. ते चवीला जरा खरखरीत लागतात, पण निम्म्याला निम्मे मिसळले तर घरात तक्रार होत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत, ठसका लागून ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्या वाटणीचे दाणे कुटून घालावेत.

चिवडा पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा. ताटावर पसरून तासभर तरी. कोमट भरला तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि सगळे श्रम फुकट. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा उत्तम, आणि तो गॅसच्या ओट्यापासून दूर ठेवावा. एका मोठ्या डब्याऐवजी दोन लहान डबे करावेत, म्हणजे एक उघडझाक सोसतो आणि दुसऱ्याला हवा लागत नाही. उन्हाळ्यात तो तीन आठवडे सहज टिकतो, पावसाळ्यात पंधरा दिवसांत संपवावा. पुण्याला किंवा हैदराबादला मुलांकडे पाठवायचा असेल, तर काजू-बदाम आणि चारोळी वेगळ्या पुडीत बांधून द्यावीत आणि खाण्याआधी मिसळायला सांगावे. उकाड्यात, प्रवासात सर्वांत आधी खवट होतात ती तीच.